उंबऱ्याशी हरळी

ताईचा उभा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात आणि अंगणातली हरळी उपटण्यात गेला. दोन्ही कामं संपणारी नव्हतीच. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या तोंडाशी, भिंतीच्या भेगेत, जिथे चिमूटभर माती मिळेल तिथे ही बया हातपाय पसरायची. धाकट्या भावाने मागे कुदळीने तिचे तुकडे तुकडे केले आणि वर हुशारी करून तीच माती बायकोच्या गुलाबांना घातली. हरळीच्या पेरापेराला मूळ फुटतं, हे त्या शहाण्याला कोण सांगणार! थोड्याच दिवसांत कुंड्यांमध्ये गुलाब शोधावे लागले. ताई पोट धरून हसली होती.

आज मात्र भाऊ सकाळीच तिच्या दारात येऊन उभा राहिला. अंगणाच्या टोकाची ही खोली वडिलांनी ताईला दिलेली. तिची खाट, तिचं शिलाई मशीन, सगळा संसार तेवढ्यातच.

"ताई, नवी गाडी येतेय. ही खोली पाडून सगळीकडे कोबा करू म्हणतो. तू जा की आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला. तुलाही बरं पडेल."

"मला काय बरं पडेल, ते मला विचारलंस?"

"उगाच वाद नको. उद्या गवंडी येतोय," म्हणून तो गेलासुद्धा.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. राग काढायला ती खुरपं घेऊन हरळीवर तुटून पडली. उपटत उपटत उंबऱ्यापाशी आली, तर सिमेंटला तडा देऊन एक कोंब वर आलेला. तिथे भावाने तणनाशक ओतून वर सिमेंट थापलं होतं. एवढं करूनही ही सगळ्यांना पुरून उरली! आणि आपण? मघापासून मनात गाठोडं बांधतोय. ताईला स्वतःचीच लाज वाटली. तिने खुरपं भिरकावून दिलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा ताई मशीन अंगणात मांडून बाह्या जोडत बसली होती. चपला काढून, पाय गवतात. गवंड्याने डोकं खाजवलं आणि थापी खाली ठेवली.

"ताई, ऊठ. लोक बघतायत," भाऊ घरातून धावत येत म्हणाला.

"बघू देत. फुकट आहे."

"अगं, पण मग गाडी ठेवू कुठे?"

ताईने दाताने दोरा तोडला.

"तिला चाकं आहेत ना? तिला सांग जायला."