मंदाताईंचे दहा सेकंद

रविवारी संध्याकाळी निधीचा नवा माउस आला आणि पुडकं उघडून पाच मिनिटं होतात न होतात तोच तिच्या सासऱ्यांनी तो जप्त केला.

जप्त हा शब्द उमाजी मोहित्यांचाच. नापतोल विभागात, म्हणजे वजनमापांच्या खात्यात, चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर दुसरा कुठला शब्द तोंडात येणार? ग्वाल्हेरच्या सराफ्यापासून मुरारच्या भाजीमंडीपर्यंत त्यांनी तपासला नाही असा तराजू नव्हता. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, पण दुधाची पिशवी घरात आली की ते अजून एकदा तळहातावर जोखून बघत.

निधीचं काम घरूनच चाले. उपग्रहानं वरून काढलेल्या शहरांच्या फोटोंवर एकेका घराच्या छपराची रेघ ओढायची, रोज साडेचारशे छपरं. वर्षभरात तिचं मनगट इतकं दुखायला लागलं की पोळी लाटताना ती डावा हात वापरी. जुना माउस वजनाला जड, वर बॅटरीवर चालणारा, ऐन वेळी मान टाकणारा. म्हणून तिनं खूप वाचून, खूप शोधून हा हलका, वायरवाला, गेम खेळणाऱ्यांचा माउस मागवला होता. पाठीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं होती आणि वायर बुटाच्या नाडीसारखी मऊ.

"एकोणसाठ ग्रॅम," उमाजींनी खोक्यावरचं वाचलं. "बघू या."

"आबा, पसंत नाही पडला तर सात दिवसांत वापस होतो. टेन्शन मत लो."

"वापस करायचं तर कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं तर तपास व्हायला पाहिजे. असंच कसं लिहिणार?"

त्यांनी कपाटातून सराफी काटा काढला. अडचण एकच होती, वायरीची. ती पारड्यावर ठेवली तर तिचं वजन धरलं जाई, खाली सोडली तर ती पारडं ओढी. शेवटी त्यांनी निधीला स्टुलावर उभं केलं आणि वायर वर धरायला लावली. मंदाताई, त्यांची बायको, चहा घेऊन आल्या तेव्हा सून देवीसारखी हात उंच करून उभी आणि नवरा पारड्याशी डोळा लावून बसलेला.

"त्रेसष्ट," उमाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "चार ग्रॅमची चोरी!"

मग तो हळूहळू उतरला. त्यांनी पुन्हा वजन केलं. पुन्हा त्रेसष्टच. त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला, बळवंतरावांना, फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"उमाजी," पलीकडून आवाज आला, "चार ग्रॅम कमी दिलेत की जास्त?"

"जास्त."

"मग तक्रार कसली? जास्त दिलं म्हणून कुणाला पकडलं होतंत का कधी?"

उमाजींनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत असा गुन्हेगार त्यांना भेटलाच नव्हता. मंदाताई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ भांडी हसल्यासारखा आवाज येत राहिला.

पण उमाजी हटणारे नव्हते. वजनाचं राहू दे, काम तर तपासता येईल. त्यांनी एक वही घेतली आणि वर लिहिलं, "माउस. कोणास योग्य, कोणास अयोग्य."

सोमवारी निधीनं काम केलं. सकाळी पहिलाच घोटाळा झाला. चाकाच्या मागे वेग वाढवायचं एक बटण होतं, ते चुकून दाबलं गेलं आणि बाण जबलपूरच्या एका छपरावरून उडाला तो थेट नर्मदेत पडला. ते बटण समजल्यावर मात्र गाडी अशी सुटली की दुपारी तीनला साडेचारशे छपरं खलास. रोज पाच वाजत.

"आबा, बघा!" तिनं मनगट गोल फिरवून दाखवलं. "दर्द ही नहीं है! हातात काही आहे असं वाटतच नाही. मी हा वापस करणारच नाही."

उमाजींनी वहीत लिहिलं, "छपरांस उत्तम."

मंगळवारी त्यांनी स्वतः बसून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यांना टायपिंग येत नसे. पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता उघडून ते एकेक अक्षर टिपून काढत. पण वयानं त्यांचा हात थोडा थरथरे. जड माउसाला ती थरथर कळत नसे, या हलक्याला सगळी कळे. "माननीय संपादक" लिहायला गेले आणि "माननीय संताप" झालं. ते स्वतःच इतके हसले की चष्मा काढावा लागला. निधीनं वेग उतरवून दिल्यावर हात बसला, आणि पत्र पूर्ण झालं. वहीत नोंद झाली, "थरथरत्या हातास अयोग्य. वेग उतरविल्यास चालेल."

बुधवारी दुपारी चार वाजता उमाजी म्हणाले, "आता तुम्ही."

मंदाताईंनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मी? मला काय करायचंय त्याचं? माझे हात पिठाचे आहेत."

"पिठाच्या हातास योग्य की अयोग्य, तेही लिहावं लागेल ना."

सहासष्ट वर्षांच्या मंदाताईंनी आजवर त्या टेबलावरची धूळ पुसली होती, पण खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. त्या अंग चोरून बसल्या. पिठाचा एक कण लगेच भोकात गेला. निधी म्हणाली, "आई, सोप्पं देते तुम्हाला," आणि तिनं एक पान उघडलं. मधोमध मोठा निळा चौकोन. त्यावर दहा सेकंदांत जितक्या वेळा दाबता येईल तितकं दाबायचं, यंत्र मोजणार.

आधी निधीनं दाखवलं. एकसष्ट. उमाजींचे चौतीस झाले.

मंदाताईंनी माउस टेबलावर सरळ केला. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही एकाच बटणावर ठेवली. आणि सुरुवात केली.

पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. मंदाताईंचा खांदा हलत नव्हता, मनगट हलत नव्हतं. फक्त दोन बोटं दिसेनाशी झाली होती.

सत्त्याण्णव.

निधी किंचाळली, "आई! ये क्या था!"

"चुकलं का काही?" मंदाताई घाबरून म्हणाल्या.

चुकलं काहीच नव्हतं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत लग्न निघालं की गव्हले करायला मंदाताईंना बोलावणं येई. गव्हाएवढे ते इवले इवले दाणे चिमटीत वळायचे, परातीत टाकायचे. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांनी ते किती वळले असतील, कोण मोजणार? बोटांना आपण पळतोय हेसुद्धा कळत नव्हतं.

"पुन्हा करू?" त्यांनी विचारलं. एक्याण्णव आले. "हे कमी झाले. थांबा हं." चौऱ्याण्णव. त्या संध्याकाळी भाजी करपली, आणि लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच ती करपल्याचं मंदाताईंना वाईट वाटलं नाही.

"बोटांत नुसत्या मुंग्या नाचताहेत," त्या करपलेली भाजी वाढताना म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. उमाजी जेवायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

गुरुवारी ही बातमी जिना उतरली. खालच्या मजल्यावर सीमंतिनी राजवाडे राहत. गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि कुठल्याही आकड्यावर सहज विश्वास न ठेवणाऱ्या. निधीचं काम आटोपल्यावर त्या आल्या, आपल्या दोन मैत्रिणींना घेऊनच. सगळ्यांनी करून पाहिलं. कुणाचे चाळीस, कुणाचे सत्तेचाळीस. सीमंतिनीबाईंचे बावन्न. मग मंदाताई बसल्या आणि त्र्याण्णव करून उठल्या. दोघी मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. सीमंतिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मंदाताई, रागवू नका हं. पण या गेमवाल्या माउसना एक बीमारी असते. एकदा दाबलं की दोनदा मोजतात. माझ्या भाच्याचा झाला होता तसा."

खोलीतला आनंद एकदम विझला. सगळ्यांनी उमाजींकडे पाहिलं.

उमाजींना मापातली शंका एकदा कळली की ती झटकता येत नसे. ते हळूच म्हणाले, "तपासावं लागेल."

मंदाताई उठून आत गेल्या. रात्रीच्या जेवणाला त्या बोलल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी चहाचा कप समोर ठेवताना म्हणाल्या, "आख्ख्या सराफ्याला तोलून झालं. आता बायको राहिली होती."

"तुम्हाला नाही हो, माउसाला तोलतोय," उमाजी काकुळतीनं म्हणाले. "उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून. माझी खात्री आहे."

"खात्री आहे तर तपास कशाला?"

उमाजी दिवसभर वही उघडून बसले आणि एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी मंदाताईच त्यांच्याजवळ आल्या. "करा तपास," त्या म्हणाल्या. "पण नीट करा. आणि राजवाडेबाईंना समोर बसवा."

शनिवारी निधीला सुट्टी होती. सीमंतिनीबाई आल्या. आधी मंदाताईंनी सावकाश, थांबत थांबत वीस वेळा दाबलं. यंत्रानं वीसच मोजले. "सावकाश ठीक आहे," सीमंतिनीबाई म्हणाल्या, "भानगड जलद दाबताना होते."

म्हणून निधीनं फोन बोटांच्या अगदी जवळ धरला आणि संथ गतीचं चित्रण लावलं. मंदाताईंनी डोळे मिटून श्वास घेतला आणि दहा सेकंद बोटं सोडून दिली. पडद्यावर आकडा आला तो निधीनं हातानं झाकला. आता फोनवर ते दहा सेकंद सव्वा मिनिटाचे झाले होते. बोटं पाण्याखाली असल्यासारखी आळीपाळीनं खाली येत, वर जात. उमाजींनी पुढ्यात राजम्याची वाटी घेतली. एक दाब, एक दाणा. सीमंतिनीबाई कागदावर रेघा मारत होत्या.

"शहाण्णव," सीमंतिनीबाई म्हणाल्या.

"सत्त्याण्णव," उमाजी म्हणाले.

पुन्हा लावलं. मंदाताई उभ्याच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. या वेळी सीमंतिनीबाईंनी शेवटची रेघ मारली, मोजली, पुन्हा मोजली आणि पेन खाली ठेवलं. "सत्त्याण्णव. पहिल्यांदा माझीच एक सुटली."

निधीनं हात काढला. पडद्यावर सत्त्याण्णव होते.

उमाजी उठून उभे राहिले. सरकारी कामात ते निकाल असाच उभं राहून वाचत. "माउस निर्दोष," ते म्हणाले. मग ते मंदाताईंकडे वळले. "आणि... आणि बाईंची बोटं... अहो मंदा, काय बोटं आहेत तुमची!"

चार माणसांत त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. निधीनं शिट्टी मारली. सीमंतिनीबाईंनी पुढे होऊन मंदाताईंचे दोन्ही हात धरले. "माझ्या डोक्यातलाच काटा चुकला. शिकवाल मला? दोन बोटांनी कसं करतात ते?" आणि मग चौघंही इतके हसले की राजमा घरभर झाला.

आता अडचण एवढीच उरली होती की माउस एक आणि हात दोघींचे. निधीचं काम संपायच्या आधीच, रोज दोन वाजल्यापासून मंदाताई निधीच्या खुर्चीमागे येरझारा घालत. "आई, मला प्रेशर येतं!" निधी ओरडे.

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी उमाजींनी स्कूटर काढली आणि दोघं नव्या बाजारातून इंदरगंजला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "आंटीजी, किस काम के लिए चाहिए?"

उमाजींनी वही उघडली. "देखिए, एक तो यह देखना है कि..."

"खेलने के लिए," मंदाताई म्हणाल्या.

दुकानदारानं सात माउस मांडले. मंदाताईंनी एकेक हातात घेतला. हा रुंद आहे. याचं बटण घट्ट आहे. याचे दिवे कशाला एवढे? दुकानातल्या कॉम्प्युटरवर तोच निळा चौकोन उघडून प्रत्येकावर त्या दहा सेकंद बोटं चालवत आणि दुकानदार आकडा मोठ्यानं वाचे. चौथ्या माउसपर्यंत दारात गर्दी झाली होती. रस्त्यावरून जाणारी कॉलेजची पोरं आत घुसली. "आंटी, एक बार और!" सहावा माउस काळा, लहान, बिनभोकांचा होता. त्यात पीठ जायची भीती नाही. त्यावर त्यांची बोटं बसली, आणि आकडा आला एकशे दोन. एका पोरानं टोपी वर उडवली, ती पंख्याला अडकली.

परतीच्या वाटेवर महाराज बाड्याच्या चौकात गाडी थांबली. मंदाताईंनी खोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. उमाजींना आपल्या पाठीवर काहीतरी टपटपत असल्यासारखं वाटलं.

"काय करताय?"

"सराव."

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण उमाजींना इतकं हसू येत होतं की स्कूटर काही केल्या पहिल्या गिअरमध्ये पडेना.