पुढच्या खोलीत नेलेली खुर्ची

मित्रांनो, या घरातला थोरला मुलगा मला उचलून नेतो, आणि तेही आईच्या डोळ्यांदेखत. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. खुर्चीला डोकं कुठून आलं, म्हणून हसू नका. थोरल्याला आहे, त्याने त्याचं काय मोठं केलं?

मला घडवलं एका सुताराने. तो या आईचा नवरा. पहिल्याच बाळंतपणात तिचे गुडघे धरले, म्हणून त्याने माझी बैठक नेहमीपेक्षा उंच ठेवली आणि हात चांगले रुंद, भक्कम केले. मला तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "राणीसाहेब, आता खाली बसायचं नाही. बसलात तर उठवायला मी येणार नाही." ती म्हणाली, "तुम्ही आलात तरी मी कुठे उठतेय!"

माझ्यावर बसून तिने मुलांना पाजलं, भाजी निवडली, फाटके शर्ट सांधले, आणि ज्याला त्याला वेळच्या वेळी सुनावलं. शाळा तिने जेमतेम पाहिलेली. तरी रोज संध्याकाळी मुलांना समोर बसवून ओळीखाली बोट धरून बायबलमधलं एक स्तोत्र वाचायची. तिचा नियम असा, की वाचलेलं करून दाखवल्याशिवाय पुढचं स्तोत्र उघडायचं नाही. एकदा थोरला शेजारणीबद्दल खोटंनाटं सांगून आला होता. त्या दिवशी नेमकं आलं जिभेने कुणाचा घात न करणाऱ्या माणसाचं स्तोत्र. आईने पुस्तक तिथेच मिटलं. "जा, माफी मागून ये. मग पुढे वाचू." पोरगा कान लाल करून गेला आणि आला. असा अभ्यास मी पाहिलेला आहे. त्यामुळे मला कोणी अभ्यास शिकवू नये.

सुतार गेला. आईचे गुडघे पार गेले. आता ती मागच्या खोलीत असते. पलंग बुटका. माझे दोन्ही हात धरून, जोर लावून ती उठते आणि मला पुढे सरकवत न्हाणीघरापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत जाते. मी जवळ नसले तर ती पलंगावर अडकलीच म्हणून समजा. सून हे जाणून आहे. ती घरी असली की मला हात लावायची कोणाची छाती नाही. पण गुरुवारी तिची दवाखान्यात संध्याकाळची पाळी, आणि गुरुवारीच पुढच्या खोलीत चर्चच्या मंडळीतल्या लोकांचा बायबल अभ्यास.

अभ्यास घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांना मान म्हणून घरातली सगळ्यात चांगली खुर्ची द्यायची, अशी थोरल्याची पद्धत. म्हणजे मी! बाकीच्यांना प्लास्टिकच्या चालतात.

आजही आला. "आई, खुर्ची नेतोय हं. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"मलापण ने. मला बसायचंय तुमच्यात."

"तू दमशील गं. पड जरा." आणि मला उचलून गेलासुद्धा.

आजचं स्तोत्र कोणतं होतं, ऐका. एकाहत्तरावं! म्हातारा माणूस देवाला विनवतोय, माझी ताकद सरली, केस पिकले, मला टाकून देऊ नकोस; तुझी करणी पुढच्या पिढीला सांगायची आहे मला. बाईंनी फार छान समजावलं. थोरल्याचे तर डोळे पाणावले. माझे चारही पाय थरथरत होते, पण ते रागाने.

शेवटी प्रत्येकाने सांगायचं असतं, हे वचन मी कसं पाळणार. थोरला घसा साफ करून म्हणाला, "मला वाटतं, आपण सगळे वृद्धाश्रमात जाऊया. त्यांच्यासाठी गाणी म्हणूया. बिचाऱ्यांकडे कोणी बघत नाही."

"वा!" कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "अरे, त्या खुर्चीत कोण बसलंय? त्यांना म्हणावं, जरा उठा!"

बाई ताडकन उठल्या. "आत कोण आहे?"

"आई," थोरला म्हणाला. "झोपलीये ती."

"झोपेत बोलते का मी, मेल्या? न्हाणीघरात जायचंय मला. केव्हाची दाबून बसलेय!"

बाईंनी कोणाची वाट पाहिली नाही. धापा टाकत त्यांनीच मला आत नेलं. आईने माझे हात घट्ट धरले, उठली, जाऊन आली. आणि मग मला ढकलत थेट पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध. माझे पाय खरखरत पुढे आले तशी प्रत्येकाने आपापली प्लास्टिकची खुर्ची मागे ओढली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पॉलिश करा म्हणून मी तुमच्यापुढे रडणार नाही. पॉलिश घाला चुलीत. जुनी वस्तू कोणाच्या आधाराची आहे ते आधी बघा, आणि तिला त्याच्या हाताशी राहू द्या. एवढंसुद्धा जमत नसेल, तर वचनं पाठ करून देवाचा वेळ खाऊ नका.

आई बसली. थोरल्याने तिला पाणी आणून दिलं. हळूच म्हणाला, "आई, आजची शेवटची प्रार्थना तूच कर ना."

आईने पेला बाजूला ठेवला.

"प्रार्थना बाई करतील. तुझ्याशी मला बोलायचंय. तुला हे स्तोत्र काडीचं कळलेलं नाही. म्हातारं माणूस 'मला टाकू नकोस' असं देवाला का म्हणतं, ठाऊक आहे? घरातल्यांना सांगून सांगून थकतं म्हणून. तू वृद्धाश्रमात खुशाल जा, गाणी म्हण. पण हे स्तोत्र त्यांना वाचून दाखवू नकोस, बाळा. त्यांना ते पाठ आहे."