तळटिपेतला 'ऐ'

मित्रांनो, गोकुळदास मास्तरांना काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडतो. एक शाल, एक श्रीफळ, व्यासपीठावर हातांची खुर्ची आणि नावामागे 'इतिहासकार'. त्यासाठी फक्त मला माझ्या जागेवरून उठवायचं होतं.

मी एक जुना शिशाचा खिळा आहे. पूर्वी छापखान्यात आम्हा खिळ्यांना एकेक करून जुळवत आणि शाई लावून छापत. माझ्या डोक्यावर उलटा 'ऐ' आहे. डिचोलीच्या छापखान्यात 'क' आणि 'त' दिवसभर राबायचे. मी खणात धूळ खात पडलेला. ऐट, ऐपत असले शब्द लग्नपत्रिकेत येतात कितीसे?

गोवा राज्य झालं, त्या वर्षी मास्तरांनी आपल्या गावाचा इतिहास छापायला आणला. सुर्ल्याच्या अंगाचा हा खाणीकडचा गाव. पानाखालच्या टिपांत प्रत्येक माहितीला खूण होती. पुस्तकातली असेल तर 'पु.', कागदपत्रातली 'का.' आणि माणसाच्या तोंडून ऐकलेली, म्हणजे ऐकीव असेल, तर 'ऐ.' झाली की नाही माझी चंगळ! गावच्या पाण्याच्या झरीच्या गोष्टीखाली मी ताठ उभा राहिलो: 'ऐ. सत्यवती.' भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, देवळात नारळ ठेवून ती झर गावाला तोंडीच दिली, तेव्हा लहानगी सत्यवती तिथे हजर होती. आता पाहिलेलं सांगणारी ती एकटीच उरली होती.

प्रूफ पाहून मास्तरांचं तोंड कडू झालं. "कृष्णनाथा, हा 'ऐ' काढ रे. 'का' घाल."

खिळे जुळवणारा कृष्णनाथ हसला. "मास्तर, कागद खंय आसा?"

"असेल लिस्बनला! तिथं कोण बघायला जातो? ऐकीव म्हटलं की लोक म्हणतात, बायलांच्या गजाली, नुसत्या गप्पा. पोर्तुगीज काळचा कागद म्हण, मग बघ कशी मान डोलावतात!"

"गिराइक म्हणता तें खरें," म्हणत कृष्णनाथाने चिमट्याने मला उपटलं. कागदाला तोंड नसतं, म्हणून सत्यवतीचं नावही गेलं.

वर्ष सरलं नाही तोच खाणीने झरीवर हक्क सांगितला. सुनावणी झाली. दुपारी सत्यवती आजी थेट छापखान्यात आली.

"सुनावणीच्या सायबान पुस्तक उघडलं नि म्हणाले, कागद दाखवा. मास्तर आपल्या अंगठ्याकडे बघत रवले. मी म्हटलं, हांव थंय आशिल्लें, डोळ्यांनी पाहिलंय! तर म्हणता, आजी, पुस्तकात तुमचं नाव नाही. कागद सापडेना म्हणून आता साक्षीदार आणलात? कृष्णनाथा, माझं नाव कोणी खाल्लं रे?"

कृष्णनाथाने मला खणातून काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. "हो खिळो आशिल्लो, आजी, तुमच्या नांवाफुडें."

तिने मला निरखलं. "एवढोसो? मग मास्तरांक जड कशाक जालो?"

तिने मला पदराच्या गाठीत बांधलं. तिथूनच बोलतोय, मित्रांनो. गोष्ट ज्याच्याकडून ऐकलीत, त्याचं नाव पुसू नका. खऱ्या गोष्टीला खोटा कागद चिकटवला, की खरीही खोटी ठरते.

आता शेवटचा हिशेब. शाल मास्तरांना मिळाली. बिलाचे पैसे छापखान्याला मिळाले. झर खाणीला मिळाली. आणि भरलं कोणी? दुपारी खाणीचा टँकर येतो, तेव्हा लाल धुळीत कळशी धरून आजी उभी असते. रांग पुढे सरकली, की गाठीतला मी तिच्या कमरेवर आपटतो.