गळ्यापर्यंत वाळू

जाळी ठेवायच्या खोपीसमोर सकाळपासून इतकी माणसं दाटली होती की होड्या पाण्यात ढकलायला कोणी उरलं नव्हतं. तशीही होडी न्यावी की नाही, हे हल्ली नाखवे ठरवत नव्हते. खोपीतला काळा दगड ठरवत होता. साल सत्तावन्न. महिन्यापूर्वी फोंडाघाटाकडून उतरलेल्या श्रीकंठबुवांनी तो तिथे बसवला होता. दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. देवळातला कौल गावाला ठाऊकच होता, पण बुवांचा देव झटपट बोलायचा. 'बांगडे करू काय?' हे विचारल्याशिवाय हौसाबाई चूल पेटवत नसे. बाबलीला अर्धी मिशी भादरल्यावर शंका आली, 'उरलेली काढू काय?' डावी पडली. तो आठ दिवस अर्ध्या मिशीने बाजारात हिंडला आणि लोक म्हणाले, "शोभता हां."

आज मात्र प्रश्न मिशीचा नव्हता. जानकीच्या कडेवर पाच वर्षांची विमला होती आणि तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता. खाडीपलीकडच्या डॉक्टरांनी काल घशात बघून सांगितलं होतं, घटसर्प. उद्या दुपारच्या आत आणा, सुई देतो, नंतर घसा बंद होईल. जानकीचा नवरा काशीराम होडी घेऊन तयार होता, पण गाव आडवं आलं होतं.

"कौल घेतल्याशिवाय न्हेलास तर सगळ्या गावाक भोगूक लागतला," हौसाबाई म्हणाली.

"चेडू माझा आसा," जानकीने पोरीला घट्ट धरलं.

"जन्म तू दिलास, बाळ," बुवा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "उपचार ठरवण्याचा अधिकार वरच्या कचेरीचा."

त्यांनी 'कृपादृष्टी, कृपादृष्टी' पुटपुटत दगडापुढची पेटती समई जरा डावीकडे सरकवली. थोड्या वेळाने डावी पाकळी टपकली.

"दवाखाना नको. पोरीला ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरा. भरतीच्या सात लाटा डोक्यावरून गेल्या की दुखणं समुद्रात जातं."

जानकी पाकळीकडे बघतच नव्हती. पंधरा वर्षं तिने किनाऱ्यावर मासे सुकवले होते. ऊन लागेल ती बाजू आधी सुकते, कडा वळते, म्हणून तर मासे सारखे परतावे लागतात. ती पाकळी पडण्याआधी अशीच वळली होती. बाबलीच्या मिशीच्या वेळीही समई डावीकडे होती. हौसाबाईकडे बुवा जेवायला असले की मात्र ती बांगड्यांच्या बाजूने, उजवीकडे.

तिने विमलाला काशीरामाकडे दिलं, दगडाला वाकून नमस्कार केला आणि वाकता वाकता समई उजवीकडे सारली. नव्या पाकळ्या चिकटवून म्हणाली, "देवा, धूप घेवन घेवन बुवांचो पण घसो बसलो आसा. तेंका पण हीच वाळू होयी काय?"

उजवी पाकळी वळली आणि पडली.

बाबलीने भक्तिभावाने फावडं उचललं. "देवाचो शब्द आसा, बुवानू. उठा."

चार नाखव्यांनी बुवांना उचलून भरतीच्या रेषेवर नेलं. वाळू कमरेपर्यंत आली तेव्हाच बुवांनी घसा बरा झाल्याचं जाहीर केलं.

"कौल गळ्यापर्यंतचो आसा," हौसाबाईने आठवण करून दिली.

पहिल्या लाटेचा फेस हनुवटीला लागला आणि बुवा किंचाळले, "समई, समई! तिनं ती उजवीकडे सारली. ज्या बाजूला समई, तिकडची पाकळी सुकून पडते. महिनाभर मीच सरकवतोय. काढा मला."

"मगे माझी मिशी?" बाबलीने विचारलं.

"तीसुद्धा समईच."

बाबली फावडं मांडीवर घेऊन शेजारी बसला. "अजून दोन लाटा बसा. मगे काढतंय."

काशीरामाने तेवढ्यात होडी पाण्यात लोटली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई भरली तसा जानकीने त्यांचा हात धरला. "थांबा. ह्या काय आसा? किती पोरां बरी झाली ह्येना? अपाय काय?"

डॉक्टर रागावले नाहीत. औषध आजाराचं विष मारतं, पुष्कळ पोरं वाचतात, सगळी नाही. अंगावर पित्त उठू शकतं, म्हणून मी जवळ बसणार, असं त्यांनी सांगितलं. नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं.

"द्या," दोघं म्हणाली.

चौथ्या दिवशी विमलाने पेज मागितली.

पोर तुमचं असलं की ठरवायचंही तुम्हीच, गावाने नाही आणि दगडाने तर नाहीच. पण ठरवण्याआधी विचारा, बुवाला विचारा आणि डॉक्टरालाही विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो थांबून सांगतो. ज्याच्याकडे नाही तो डोळे मिटतो. अशा वेळी पाकळीकडे बघत बसू नका, समई कोण सरकवतोय ते बघा.