पाणकावळ्यांचा आहेर

त्या वर्षी आंजनटोल्याच्या तलावावर पाणकावळे उतरले ते थेट आमंत्रण असल्यासारखे. एक नाही, दोन नाही, दोनशेच्या वर! श्रावणात मच्छीमार सोसायटीनं तलावात बोटुकली सोडली होती, म्हणजे रोहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं. ती जरा बाळसं धरतात न धरतात तोच कार्तिकात ही काळी पलटण हजर. उजाडताना पाण्यात, दुपारी वाळक्या झाडांवर पंख पसरून उन्हात, दिवस बुडताना पुन्हा पाण्यात. खाऊन खाऊन इतके जड व्हायचे मेले, की उडायच्या आधी पाण्यावर पाय आपटत कितीतरी लांब पळत जायचे.

सोसायटीचा अध्यक्ष लटारू मारबते. माणूस मनानं सोनं, पण जिभेला हाड नाही. त्यानं सगळे उपाय करून पाहिले. फटाके फोडले, तर पहिल्या दिवशी पाखरं उडाली आणि तिसऱ्या दिवशी मान वळवूनही पाहीनात. डबे बडवले. शेवटी स्वतःचा जुना सदरा चढवलेलं बुजगावणं पाण्यात उभं केलं. दुसऱ्याच दिवशी एक पाणकावळा त्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसून मासा गिळताना लटारूच्या बायकोनं, रुखमाबाईनं पाहिला, आणि जेवणवेळेपर्यंत ते गावभर झालं. पाखरं मारावी असं मात्र लटारूच्या मनात कधी आलं नाही. पाण्यावर जगणाऱ्यानं पाण्यावर जगणाऱ्याचा जीव घेऊ नये, ही त्याच्या बापाची शिकवण होती. पण म्हणून काय सगळा तलाव त्यांना जेवायला वाढायचा?

जवळच वडशाला नसीमचं दुकान आहे. कॅमेरे लावणं, शेताच्या कुंपणाला झटका मशीन बसवणं, सायरन दुरुस्त करणं, राखणीची म्हणून जी जी कामं आहेत ती सगळी ती करते. वय तीस-बत्तीस, अंगानं काडी, पण शिडीवर चढली की धडधाकट गडी खाली उभे राहून नुसते बघत राहतात. तिनं लटारूचं रडगाणं ऐकून घेतलं आणि आठ दिवसांनी स्कूटीला एक डबा बांधून आली. डब्यातून निघाली मोठ्या टॉर्चएवढी लेझर मशीन.

"लटारूभाऊ, ही कोणाले मारत नाई, फक्त भेव दाखवते," नसीम म्हणाली. "उजाडताना नाई त दिवस बुडताना वापरायची. हिरवा ठिपका पाण्यावर टाकायचा अन् हळूहळू पाखराकडं सरकवायचा. त्याले वाटते, कोणी लांब काठी घेऊन येऊन राह्यलं. माणसाच्या तोंडावर, रस्त्यावर, आभाळात मारायची नाई, डोळे जातीन. अन् मले एक सांगा, इथून उडाले त हे बसतीन कुठी?"

"बसतीन मसणात!" लटारू म्हणाला. सगळे हसले. नसीम हसली नाही, पण गिऱ्हाईकाशी किती बोलायचं यालाही मर्यादा असते.

मशीन शिकली ती पुनम, लटारूची एकुलती एक लेक. बीएस्सी झालेली, शांत, हात स्थिर. माघात तिचं लग्न होतं, बेलझरीच्या प्रवीणशी. बेलझरी म्हणजे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ओलांडली की समोरचं गाव. या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहिलं की त्या तलावाची पाळ दिसते. प्रवीणचा बाप डोमाजी हा तिथल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. म्हणजे दोन अध्यक्ष एकमेकांचे व्याही होणार होते. इकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि हे दोघे ठरल्या दिवसापासून एकमेकांना इतक्या प्रेमानं "इवाई, इवाई" करत, की रुखमाबाई म्हणे, "लगन पोरायचं हाय का तुमचं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना अख्खा आंजनटोला पाळीवर. पाण्यावर धुकं. पुनमनं बटण दाबलं आणि धुक्यातून हिरवी रेघ सरळ निघाली. ठिपका पाण्यावर हलकेच सरकायला लागला. एका पाणकावळ्यानं मान वर केली. मग दुसऱ्यानं. मग एकदम सगळ्या तलावातून फडफड फडफड, आणि दोनशे पाखरं पाय आपटत उठली ती घिरटी घेऊन निघूनच गेली! आवाज नाही, धूर नाही, एक पीससुद्धा पडलं नाही. पाळीवर असा जल्लोष झाला म्हणता! लटारू धोतर सावरत नाचला, नाचता नाचता घसरला, उठून पुन्हा नाचला.

"लगनासाठी उरवून ठेवा ना काई," रुखमाबाई म्हणाली, पण हसून हसून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

पाखरं गेली कुठे, हे कोणी पाहिलं नाही. पाहायचं कशाला? आपला तलाव तर रिकामा झाला होता!

चौथ्या दिवशी डोमाजीचा फोन आला. आवाजात अजून साखर होती. "इवाई, तुमच्याकडचे पाहुणे आमच्या तलावावर येऊन राह्यले जी. दोनशे असतीन."

यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? "अरेरे, बसून काही मार्ग काढू." लटारू म्हणाला, "पाहुणे आले त चहापाणी करा, इवाई!" आणि स्वतःच खदाखदा हसला.

डोमाजी हसला नाही. तो त्याच दुपारी वडशाला गेला. आणि पुढच्या सोमवारी उजाडताना बेलझरीच्या पाळीवरून हिरवी रेघ निघाली, आणि दोनशे पाणकावळे बांध्यांवरून उडत आंजनटोल्याच्या तलावात परत, जणू मामाच्या गावाला जाऊन आले.

मग काय विचारता! इकडून उडवले की तिकडे, तिकडून उडवले की इकडे. दोन्ही गावांची माणसं पहाटेपासून पाळीवर. कोणाच्या म्हशी धारेविना, कोणाची चूल थंड. पाखरांचं बरं चाललं होतं. इकडे दोन घास, तिकडे दोन घास. पण लटारूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण केलं ती युक्ती, दुसऱ्यानं केलं ती खोडी, हा तर जगाचा न्यायच आहे. शुक्रवारच्या बाजारात भर गर्दीत तो गरजला, "लोक पोरीकडच्याले लुगडं धाडते, भांडे धाडते! आमच्या इवायानं पाणकावळ्यांचा आहेर धाडला!"

बाजार हसला. बाजारातलं हसू बेलझरीत दिवस बुडायच्या आत पोचलं. रात्री डोमाजीचा फोन आला, या वेळी साखर नव्हती. "ज्या घरात आमची अशी हसी होते, तिथी सोयरीक करायची का नाई, विचार करावा लागन. माघाची तारीख सध्या नका धरू."

"नाई धरत!" लटारू ओरडला आणि फोन आपटला.

फोन आपटल्यावर त्याला दारात उभी पुनम दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं. आदळआपट नाही, रडणं नाही. ती म्हणाली, "बाबा, मले प्रवीणशीच लगन करायचं हाय. भांडण तुमचं अन् पाखरायचं हाय. त्यात माहं लगन काऊन उडवता?" एवढं बोलून ती आत गेली. त्या रात्री लटारूला जेवण गेलं नाही. लाज वाटत होती, मनापासून लाज. आणि लाज वाटली की हा माणूस दुसऱ्या कोणावर तरी भडकतो, तसा तो सकाळी नसीमवर भडकला.

नसीम बोलावल्या बोलावल्या आली.

"त्यांले मशीन काऊन विकली?"

"दुकान हाय लटारूभाऊ, मशीद नाई. येईल त्याले देते," नसीम म्हणाली. "अन् मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे बसतीन कुठी? तुम्ही त्यांले मसणात धाडलं. पाखराले मसण समजत नाई. त्याले पाणी दिसलं की बसते."

"मंग करावं काय?"

नसीमनं काडीनं मातीत तीन गोल काढले. एक आंजनटोला, एक बेलझरी, तिसरा मोठा, लांब. "ही वैनगंगा. कोसभर पण नाई. तिथी मासोळी कोणी सोडलेली नाई, कोणाची तक्रार नाई, पाखरं खुशाल खातीन. पण तिकडं जातीन कवा? दोन्ही तलावांवर एकाच वेळी रेघ निघन तवा. एक पाळ थांबली की पाखरू तिथीच बसते. दोघायनं एकमेकाले फोनवर धरून करावं लागन, उडाले का, वळले का, सांगत."

"आमचं बोलणं नाई," लटारू म्हणाला.

"मंग बोटुकली संपेपर्यंत वाट पाहा," नसीम म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

रुखमाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. "सांगू का तुमाले?" ती म्हणाली. "त्या काळ्या पाखरायले बी समजते, कुठून उठायचं अन् कुठी बसायचं. तुमाले उठताच येत नाई. उद्या सकाळी फोन नाई केला न, तर मी त्या बुजगावण्यालेच नवरदेवाचा सासरा म्हणून उभं करीन."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना लटारू पाळीवर आला. शेजारी मशीन घेऊन पुनम. त्यानं नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती! शेवटी लावला.

"हॅलो. मशीनचं काम हाय," लटारू म्हणाला. "लगनाचं नाई."

"मशीनचंच बोला," डोमाजी म्हणाला. तोही पाळीवरच होता, समोर धुक्यात ठिपक्याएवढा दिसत होता. लटारूनं घाईघाईत नसीमची तीन गोलांची गोष्ट सांगितली. पलीकडे डोमाजीनं प्रवीणला हाक मारून मशीन घ्यायला सांगितलं. मग, "करून पाहू. प्रवीण तयार हाय."

दोन हिरव्या रेघा निघाल्या. पाखरं उठली, बांध्यांवर आली.

"इवाई, डावीकडून घ्या, डावीकडून!" लटारू ओरडला.

"घेऊन राह्यलो ना!"

"ते उजवं हाय!"

"तुमची उजवी, माही डावी! तुम्ही माह्याकडं तोंड करून उभे हा!"

पाखरं गोंधळली ती गोंधळलीच, अर्धी इकडे बसली, अर्धी तिकडे. पुनमनं कपाळावर हात मारला. लटारूला एकदम इतकं हसू आलं, की फोन हातातून पडता पडता वाचला. पलीकडूनही हसण्याचा आवाज आला. दोन म्हातारे, समोरासमोर, कोणाचा कोणता हात यावर भांडतायत!

"डावं-उजवं सोडा," डोमाजी म्हणाला. "नदीकडं अन् पलीकडच्या पहाडीकडं म्हणा."

"ठीक. पहाडीकडून घ्या. पुनम, तू बी पहाडीकडून. हळू... हळू... इवाई, तुमच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस बसून हायत, ते उठवा. उठले! आता थांबू नका, थांबू नका!"

आणि पाणकावळे एकदा इकडे वळले, एकदा तिकडे वळले, मग उंच गेले आणि नदीच्या बाजूनं निघाले. लांबच लांब काळी ओळ. दोन्ही पाळींवरची माणसं श्वास रोखून पाहत राहिली. ओळ पळसाच्या झाडांपलीकडे बुडाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही परत आला नाही. मग या पाळीवरून आरोळी उठली, त्या पाळीवरून आरोळी उठली, आणि मधल्या बांध्यांत धान कापायला आलेल्या बाया विळे टाकून वर पाहायला लागल्या.

फोन अजून चालू होता.

"इवाई," डोमाजी म्हणाला, "मी पाहत होतो. तुमच्या पोरीचा हात लई चांगला हाय मशीनवर. आमच्या प्रवीणचा ठिपका पाण्यापेक्षा गवतातच जास्त फिरते. हे माणूस आमच्याकडं लवकर धाडा बाप्पा."

लटारू म्हणाला, "मी बाजारात बोललो ते चुकलं माहं, इवाई."

"चुकलंच. पण आहेराची गोष्ट चांगली होती, माही बायको अजून हसते," डोमाजी म्हणाला. "अन् तारीख तीच. कार्डं छापून आलेले हायत, खाटेखाली. परत करायचं मनच नाई झालं."

लटारू हसला, मोठ्यानं, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा. मग हसता हसता थांबला. माघ म्हणजे दीड महिना. दीड महिन्यानं पुनमची ही हिरवी रेघ त्या पाळीवरून निघणार, या पाळीवरून नाही.

"पोरी," तो म्हणाला, "मंग इकडची मशीन कोण चालवन?"

पुनमनं त्याचा हात धरला, त्यात मशीन ठेवली आणि त्याचं बोट बटणावर नेलं. "तुम्ही. धरा बाबा."

"पाखरं त गेले."

"म्हणूनच. रिकाम्या पाण्यावरच शिकते माणूस."

त्यानं बटण दाबलं. ठिपका पाण्यावर वेडावाकडा नाचत होता. फोनमधून डोमाजीचा आवाज आला, "इवाई, हा झिंगलेला ठिपका कोणाचा हाय जी?"

"माहा," लटारू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हसू नका. माह्या पोरीनं आजच शिकवणं सुरू केलं हाय."

पुनमनं त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला, आणि ठिपका पाण्यावर स्थिर झाला.