जळूचं तोंड

"हात टेकव, श्वास सोड, देवाचं नाव घे आणि मग रेघ ओढ. नाव घेतलं की हात हलत नाही," असं अहल्याचे वडील, दत्ताजीराव, सांगायचे. नऊ वर्षांच्या अहल्यापुढे त्यांनी गौरीचा मुखवटा ठेवला होता, हातात बारीक ब्रश दिला होता, आणि तेव्हापासून ती तसंच करत आली. आता एकसष्टाव्या वर्षी, फतेगंजच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर तिनं हात टेकवला, श्वास सोडला, नाव घेतलं आणि समोरच्या जळूच्या ओठावर रेघ ओढली.

जळू प्लॅस्टिकची होती. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, पोटाशी टम्म फुगलेली. तिचं तोंड रुपयाएवढं उघडं होतं आणि आत दातांच्या तीन गोल रांगा होत्या. कुठल्याशा इंग्रजी भुताच्या सिनेमात एका वेड्या डॉक्टरच्या कपाटात अशी जळू काचेच्या बरणीत ठेवलेली असते म्हणे, माणसाचं रक्त पाजून वाढवलेली. सिनेमातल्या त्या खोट्या जळूची ही आणखी खोटी नक्कल. खोक्यातून सुटे भाग काढायचे, जोडायचे, रंगवायचे आणि शोकेसमध्ये मांडायचे. असलं काही पैसे देऊन घरात आणणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांतला एक आपला नवरा आहे, याचं अहल्याला अजून नवल वाटायचं.

विश्रामनं चौतीस वर्षं कारखान्यात नळांवर रंग मारला. पाण्याच्या नळाला हिरवा, वाफेच्या नळाला चंदेरी, आम्लाच्या नळाला जांभळा. रिटायर झाल्यावर तो या खेळाला लागला. विमानं, गाड्या, सिनेमातल्या तलवारी आणि शिरस्त्राणं यांनी हॉलमधलं काचेचं कपाट भरलं. ही जळू त्यानं आजारपणातच, दोन महिने खपून जोडली होती. खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकतीस तुकडे कापले, कानशीनं घासले, चिकटवले, सांध्यात पुट्टी भरली, वरून राखाडी अस्तर दिलं. आणि रंगाची वेळ आली तोवर त्याच्या कंपवातानं हात पुरता धरला. पहिल्याच दिवशी रंग टेबलावर, शर्टावर आणि त्याच्या स्वतःच्या हनुवटीवर उडाला. त्यानं ब्रश धुऊन ठेवला तो ठेवलाच. महिनाभर जळू तशीच राखाडी, तोंड वासून बसली होती. मग एका दुपारी त्यानं अहल्याला सांगितलं की हे एवढं तू कर. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यानं आपणहून काही मागितल्याचं तिला दुसरं आठवेना.

म्हणून ती बसली. श्रावण होता, ती एकभुक्त होती, आणि थिनरचा वास रिकाम्या पोटी नकोसा होत होता. जळूला हात लावायचा म्हणून तिनं भांडी घासायचे जुने रबरी मोजे घातले. तरी त्या पोटाचा फुगवटा बोटांना जाणवायचा आणि अंगावर शहारा यायचा. मग ती नाव घ्यायची. रोजच्या तेरा माळांचा तिचा नेम होता. तीन वर्षांपूर्वी विश्रामचं आजारपण सुरू झालं तेव्हापासून सकाळ सगळी त्याच्या अंथरुणापांघरुणात जाऊ लागली, तेव्हा तिनं नेम मोडला नाही, कामात मिसळला. हातानं पुसायचं, ओठांनी नाव घ्यायचं. त्याआधी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीवरच्या जखमा तिनं दोन वर्षं अशाच धुतल्या होत्या. नाव घेत राहिलं की समोरचं दिसेनासं होतं, वाससुद्धा लांब जातो. जळू तरी त्याहून काय वेगळी?

तीन दुपारी घालवून तिनं तोंड पुरं केलं आणि ते खुर्चीतल्या विश्रामपुढे धरलं.

त्यानं बराच वेळ पाहिलं. त्याचा आवाज आता पुटपुटल्यासारखा झाला होता, जवळ गेल्याशिवाय ऐकू यायचा नाही.

"अगं, ही जळू नाही," तो म्हणाला. "ही माहेरवाशीण आहे. हिला नथ घाल आणि ओटी भर."

अहल्यानं जळू स्वतःकडे वळवली. खरंच होतं. ओठ गौरीचे, डाळिंबी, कडेला नाजूक गडद रेघ. हिरड्यांवर तिनं सवयीनं पांढऱ्या उजेडाचे ठिपके दिले होते, बुबुळात देतात तसे. तो किडा प्रसन्न हसत होता. ओंगळ जळू पाहून आली नव्हती एवढी किळस तिला या हसऱ्या जळूची आली.

नेमक्या त्याच वेळी संयोगिता आली. ही विश्रामच्या थोरल्या भावाची, जगदेवरावांची बायको. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत राहायची आणि दर श्रावणात गौरीचा मुखवटा रेखायला अहल्याकडे आणून द्यायची. रिक्षातून उतरून तीन जिने चढून आली होती, धापा टाकत टेबलाशी बसायला गेली आणि तशीच उभी राहिली.

"आ शुं?" दचकली की "हे काय" सुद्धा तिला गुजरातीतच सुचायचं.

अहल्यानं सांगितलं की सिनेमातली जळू आहे, यांची.

"श्रावणात जळू. आणि चार पावलांवर देवघर. छान." संयोगितानं पिशवीतून अर्धवट काढलेला मुखवटा पुन्हा रुमालात गुंडाळला. "राहू दे ने यंदा. तुला एवढी बधी, सगळी कामं. सुरसागर तळ्याजवळचा एक मुलगाही सारुं, छान रेखतो, त्याला देते."

जागा उलटी असती तर अहल्यानंही मुखवटा परतच नेला असता, वर घरी जाताच पायही धुतले असते. सत्तावीस वर्षं तो मुखवटा तिच्याच हातचा होता.

जाता जाता संयोगिता विश्रामपाशी थांबली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली होती, छातीवरच्या नॅपकिनपर्यंत आली होती. संयोगितानं पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागूनच "बरे आहात ने भाऊजी?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता ती जिना उतरली.

अहल्याच्या कानशिलाशी रक्त चढलं. हीच बाई, दिवाळीला याच भाऊजींकडून घरचे दरवाजे फुकट रंगवून घ्यायची, पुऱ्या वाढताना भाऊजी भाऊजी करायची. त्या पदराची तिला शिसारी येत राहिली. तिनं ओला नॅपकिन आणला आणि विश्रामची हनुवटी पुसू लागली.

"वहिनीनं नाक झाकलं, ते मला आवडलं," विश्राम म्हणाला.

ती हात थांबवून पाहू लागली.

"खरं वागली."

अहल्यानं पुन्हा पुसायला घेतलं. मानेच्या घडीपर्यंत आली तेव्हा त्यानं विचारलं, "तुला माझी किळस येते का गं?"

"काहीतरीच विचारता."

"येते का?"

"नाही."

"जळू रंगवत होतीस तेव्हा मी इथून बघत होतो," तो म्हणाला. एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागत होता. "तुझे ओठ हलत होते. मला पुसतेस तेव्हाही हलतात. अगदी तसेच."

नॅपकिन तिच्या हातात गार झाला. खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत उभी होती. कुणीतरी "आवूं छूं" ओरडत जिन्यातून खाली पळालं, दार आपटलं, व्हॅन गेली. तेवढ्या वेळात तिला चार खोटी उत्तरं सुचली. चारही गोड होती. पण ज्या तोंडानं इतकं नाव घेतलं त्या तोंडानं ती द्यायला जीभ उचलेना.

"येते," ती म्हणाली.

"कधी?"

"सकाळी. चादर बदलताना." तिला थांबायचं होतं, पण थांबता आलं नाही. "मानेच्या घडीत शिळ्या दुधासारखा वास येतो. औषधानंतरची लाळ आंबूस असते, ती बोटाला लागली की साबणानं तीनदा धुतली तरी जात नाही. एकादशीला उपाशी असते तेव्हा तर उलटी घशाशी येते. तुम्ही घास तोंडात घोळवत बसता, तो आवाज ऐकवत नाही. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते."

तो ऐकत होता. पूर्वी हाताखालच्या माणसानं मारलेला रंग जवळ वाकून तपासायचा, तशा बारकाईनं. अहल्याला वाटलं, आता याचा चेहरा पडेल. पडला नाही.

"तीन वर्षं एवढं सगळं कुठं ठेवलंस?"

"नामाखाली."

"तू पुसतेस तेव्हा खोलीत मी एकटाच असतो," तो म्हणाला. "तू देवापाशी असतेस. हात तेवढे माझ्याकडे असतात. किळस आली तर येऊ दे, तोंड वाकडं कर, शी म्हण. पण इथं राहा."

"आणि नेम?"

"नेम मोडू नकोस. आधी कर, नंतर कर. मला पुसताना नको. वचन दे."

सवयीनं तिचे ओठ हलायला गेले. तिनं ते दाताखाली धरले.

"दिलं," ती म्हणाली. "उद्यापासून."

दिवेलागणीला दोन तास होते. ती टेबलाशी परत बसली, जळूच्या तोंडावरच्या त्या डाळिंबी हसण्यावर तिनं मळकट करड्या रंगाचा हात फिरवला आणि ते पुसून टाकलं. मोजे काढून ठेवले. मग नाव न घेता जळूच्या तोंडात पाहिलं.

लगेच पदर तोंडाशी धरून ती थोडा वेळ बसली, आणि त्या बसण्यात सासूबाईंची पाठ तिला दिसली. दोन वर्षं रोज धुतलेली, आणि आपण कधी पाहिलीच नाही असं जिच्याबद्दल तिला वाटत होतं ती पाठ. पाहिली होती. रंगन् रंग लक्षात होता. कडेला जांभळट काळं, आत कच्च्या मांसाचा लाल, मध्ये हिरवट पिवळा ओलावा, आणि त्या ओलाव्यावर एक पातळ चमकती साय. सासूबाई पालथ्या पडून विचारायच्या, "बरी दिसतेय का गं आता?" आणि नामात गुंतलेल्या अहल्याच्या ओठांना उत्तर द्यायला सवड नसायची.

तिनं जांभळ्यात काळा कालवला. पिवळ्यात हिरव्याचा थेंब टाकला. दातांच्या मुळाशी तपकिरी पाणी सोडलं, ते आपोआप फटींत उतरलं. दोनदा उठून तिला मोरीशी जावं लागलं, दोनदा ती चूळ भरून परत आली. हात थोडा हलला, रेघा वाकड्या गेल्या, आणि वाकड्याच बरोबर दिसल्या. शेवटी लाळ राहिली. विश्रामनं खुर्चीतून सांगितलं तसा तिनं पारदर्शक गोंदाचा ठिपका वरच्या दातावर ठेवला, काडीनं खाली ओढला. तार आली. लांबली, मध्ये बारीक झाली, खालच्या दाताला चिकटली. तशी तार ती दिवसातून वीस वेळा पुसत होती. आज ती हातानं करताना तिनं डोळे मिटले नाहीत.

जळू तिनं विश्रामपुढे धरली. त्यानं मान मागे घेतली.

"शी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

तिनं जळू खोक्याबरोबर आलेल्या बरणीत उतरवली, झाकण बसवलं, बरणी काचेच्या कपाटात ठेवली आणि हात धुतले. कोपरापर्यंत, तीनदा.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा दीड तास आधी उठली. आंघोळ केली, देवापुढे बसली आणि तेरा माळा मण्यांवर, बैठकीत पुऱ्या केल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेवटचा मणी सरला तेव्हा बाहेर उजाडलं होतं. माळ तिनं गोमुखीत ठेवली, देवाला नमस्कार केला आणि गॅसवर पाणी ठेवलं. पाणी कोमट झाल्यावर टबात ओतलं, खांद्यावर धुतलेला टॉवेल घेतला, पदर खोचला.

आतून विश्रामच्या खोकल्याचा आवाज आला. टब उचलून ती त्याच्या खोलीकडे निघाली. दारातच तो वास आला, रात्रभराचा, कोंडलेला. तिचं नाक आक्रसलं. ओठ मिटूनच ती आत गेली.