खंडेनवमीचा हार आणि माझं भिजलेलं इंजिन

मी म्हातारी आहे, हे कबूल. पण मेलेली नाही! मित्रांनो, मी बेंगळुरातल्या जे. पी. नगरातली एक जुनी मोटार आहे. गेल्या दसऱ्याला घरच्यांनी मला भंगारात काढलं होतं. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

कारखान्यातून आले तेव्हा मी अशी चकचकीत होते की गल्लीतल्या बायका माझ्या काचेत बघून कुंकू नीट करायच्या. भीमसेनरावांनी मला घेतलं खरं, पण चालवलं त्यांच्या बायकोनं, अनुसूयाबाईंनी. त्या हेब्बाळच्या शाळेत शिकवतात. सगळं शहर ओलांडून जायचं, पण मी एक दिवस त्यांचा खाडा होऊ दिला नाही. तेव्हा सगळे म्हणायचे, गाडी असावी तर अशी. मग नव्या नव्या गाड्या आल्या, आणि मी झाले खटारा!

तर खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि उत्तरपूजा होईपर्यंत पूजेतल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. भीमसेनरावांनी पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले आणि मला पाइपानं न्हाऊ घातलं. बरं वाटलं हो! पण पुढं काय करावं या माणसानं? "इंजिन म्हणजे गाडीचा जीव, खरी पूजा तिथंच," असं म्हणून बॉनेट उघडलं आणि आत ओलं हळदकुंकू फासलं, फुलं वाहिली, वर पळीभर तीर्थ! झेंडूचा हार बॉनेटखाली असा खोचला की जाड दोरीमुळं ते नीट बसेचना. फट तशीच राहिली. रात्री धो धो पाऊस पडला. भीमसेनरावांनी खिडकीतून फट बघितली आणि म्हणाले, "राहू दे. पूजा मोडायची नाही." आणि झोपले!

सकाळी मी चालू होईना. कशी होणार? अनुसूयाबाईंचा धाकटा भाऊ त्रिविक्रम आला होता, तो लगेच वैद्य झाला. "भावजी, बॅटरी गेली." मग म्हणे पेट्रोलमध्ये पाणी. मग म्हणे दृष्ट लागली. माझ्यावरून लिंबू उतरवलं! चाकाला लाथ मारून बघितली, बॉनेट मात्र कुणी उघडून बघितलं नाही.

"ऐन दसऱ्याला बंद पडली, अपशकुनी झाली," भीमसेनराव म्हणाले आणि भंगारवाल्या यल्लाप्पाला फोन करून आले. 

अनुसूयाबाई बाहेर आल्या. "अहो, सुट्टी संपली की मी शाळेत कशी जाऊ?"

"बस आहे की. नाही जमलं तर सोड नोकरी. स्वल्प विश्रांती घे."

त्या सरळ माझ्या आत बसल्या, किल्ली फिरवली, कान दिला. मी घर्र घर्र करत जीव तोडून फिरले.

"सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे. पेट्रोलचा वासही येतोय. ठिणगीच पडत नसणार." त्या उतरल्या आणि पाटावरच्या स्क्रू-ड्रायव्हरकडे वळल्या.

"अगं थांब! उत्तरपूजा झाली नाही!"

"सरी, ठीक आहे." त्यांनी अक्षता उचलल्या, हात जोडून पाटावर वाहिल्या. "झाली."

यल्लाप्पा फाटकात दोर घेऊन उभा होता. बाईंनी हार ओढून काढला, बॉनेट उघडलं. ठिणगी वाटून देणारी माझी डबी फुलांखाली गाडली गेली होती. झाकण काढलं तर आत पाण्याचे थेंब आणि वर कुंकवाचा चिखल. बाईंनी वायरी पुसल्या, झाकण आतून बाहेरून कोरडं केलं, स्टोव्हच्या उबेला धरून आणलं, परत बसवलं. किल्ली फिरवली. मी एकदा खोकले, आणि अशी सुरू झाले म्हणता!

"अक्का, लिंबू लागू पडलं!" त्रिविक्रम ओरडला. भाजून काढावंसं वाटलं मला त्याला.

भीमसेनराव माझ्या खिडकीशी आले. "मला काय माहीत, आत पाणी गेलंय म्हणून?"

"तुम्हाला नसेल. पण इतकी वर्षं रोज ही गाडी मी चालवते. तिला मोडीत द्यायला निघालात, माझी नोकरी सोडवायला निघालात, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत."

भीमसेनरावांनी यल्लाप्पाला हातानंच परत जायची खूण केली. यल्लाप्पानं दोर गुंडाळला.

मित्रांनो, हार घाला, मी नको म्हणत नाही. पण पावसात माझं बॉनेट नीट लावा, पाणी गेलंच तर कोरडं फडकं घ्या. आणि आम्हाला घराबाहेर काढण्याआधी, जिचे हात रोज आमच्यावर असतात, तिला तरी विचारा.

सोमवारी आम्ही दोघी वेळेवर शाळेत पोचलो.